उलट टपाल

सरांना नुसतं "हो" चालायचं नाही. त्यांनी काही सांगितलं आणि आपण मान हलवली की लगेच प्रश्न यायचा, "मी काय म्हणालो?" मग त्यांचं वाक्य त्यांना जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. एखादा शब्द मागंपुढं झाला की पुन्हा पहिल्यापासून. परभणीतला त्यांचा किराणा दुकानदार इतका कावला होता की सर सायकलवरून उतरायच्या आतच तो "अर्धा किलो तूरडाळ, पावशेर गूळ, दोन काडेपेट्या" असं मोठ्यानं म्हणून मोकळा व्हायचा. सर शांतपणे सायकलला स्टँड लावायचे आणि म्हणायचे, "मी अजून काही बोललोच नाही. हे उत्तर कशाचं?" मग यादी नव्यानं सुरू. मागं रांग लागलेली असायची. त्या रांगेत कैक वेळा मीही असायचो आणि ह्या माणसाला आपण ओळखत नाही असा चेहरा करून उभा राहायचो.

एकदा पालमच्या एसटीत त्यांनी तिकीट घेतलं आणि कंडक्टरला विचारलं, "मी कुठं उतरणार?" कंडक्टरला वाटलं, गृहस्थ विसरभोळे आहेत. त्यानं आख्ख्या गाडीला ओरडून सांगितलं की ह्या काकांना पालमला उतरवून द्या रे, त्यांच्या ध्यानात राहात न्हाई. मी शेजारी बसून लाजेनं अर्धा झालो. सर मात्र खूश होते. म्हणाले, एकाला सांगितलं आणि पन्नास जणांना पोचलं, याला म्हणतात व्यवस्था.

ते आयटीआयत रेडिओ-टीव्हीच्या ट्रेडला शिकवायचे आणि मी त्यांचा विद्यार्थी होतो. कुठल्या गावचे, घरी कोण असतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एका खोलीत राहायचे, दोन्ही वेळा खिचडी करून खायचे आणि खिशाला चार पेनं लावून त्यातलं एकही वापरायचे नाहीत. लिहायचं पेन्सिलनंच. पत्रं फार लिहायचे, तीही जवाबी कार्डावर. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: तेव्हा पोस्टात दोन कार्डं एकमेकांना चिकटलेली मिळायची. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं असायचं. ज्याला पत्र जाईल त्यानं ते कोरं कार्ड फाडून घ्यायचं, त्यावर उत्तर लिहायचं आणि पेटीत टाकायचं. सरांच्या मते मनुष्यजातीनं लावलेला हा सर्वांत मोठा शोध होता. उत्तराची सोय न करता जो बोलतो तो बोलतच नाही, नुसता ओरडतो, असं ते म्हणायचे. आता स्वतः सर समोरच्याचं किती ऐकायचे, हे विचारू नका. उत्तर मागायचे, ते बरोबर आहे का तपासायचे, आणि पुढं आपलंच चालू ठेवायचे.

ट्रेड पास होऊन मी रेडिओची दुरुस्ती केली नाही. माझा हात पेटीवर लहानपणापासून बरा होता, म्हणून परभणीच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत लागलो. मालकांनी कोणा आखातातून आलेल्या माणसाकडून दोन कीबोर्ड मिळवले होते. ते दोन्ही एका वायरीनं जोडले की एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर आपोआप वाजायचं. एकाच्या आवाजात व्हायोलिन लावायचं, दुसऱ्यावर एक चिरका आवाज होता त्याला मालक 'सनई' म्हणायचे. कंपनीनं त्याला भलतंच नाव दिलेलं होतं, पण लग्नाच्या करारात मालक ठोकून लिहायचे: सनईसह. ह्या जोडणीला मिडी म्हणतात हे मला सरांकडून कळलं. कीबोर्ड बिघडले तर दाखवायचे कोणाला, म्हणून मी सरांना पार्टीत बोलावलं. माझ्या हातून आयुष्यात ज्या चुका झाल्या त्यांत हिचा नंबर वरचा आहे.

मिडी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. पाच टाचण्यांची एक वायर. इकडं पट्टी दाबली की तिकडं निरोप जातो: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात. सोडली की दुसरा निरोप: सोडली. बस. आमचं काम भागत होतं. पण सरांनी कुठून तरी त्याचं पुस्तक मिळवलं, आठ दिवस ते वाचलं आणि आमच्या तालमीत येऊन जाहीर केलं की हे ज्यांनी बनवलं त्यांनी आयुष्यात गाणं ऐकलेलं नाही. सगळं काही एकशे अठ्ठावीस पायऱ्यांत मोजतात म्हणे. हळूपासून जोरापर्यंत पायऱ्या एकशे अठ्ठावीस, मधे काही नाही. तीन बोटं एकदम दाबली तरी वायरीतून ती एकामागं एक जातात, एसटीच्या दारातून माणसं उतरतात तशी. एक सूर जरा वाकवून मींड घ्यायची तर त्या रांगेतले सगळे सूर वाकतात. "म्हणजे पंगतीत एकाला वाकवलं की आख्खी पंगत वाकणार," सर म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं. मी मुकाट्यानं ते वाक्य परत म्हटलं.

त्यांनी सतरा दोष काढले आणि जपानमधल्या कुठल्याशा कंपनीला लिहून पाठवले. जवाबी कार्डावर. पोस्टमास्तरांनी परोपरीनं सांगितलं की हे कार्ड देशाबाहेर चालत नाही. सर म्हणाले, मग त्यांना उत्तर कसं देता येणार? पोस्टमास्तर म्हणाले, ते त्यांचं ते बघतील. सर तासभर तिथं उभे राहिले. शेवटी ते कार्ड पोस्टमास्तरांनी ठेवून घेतलं. कुठं ठेवलं ते मी पाहिलं, पण सरांना सांगितलं नाही.

आता आबांविषयी सांगायला पाहिजे. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर पेडगावात, आणि घराणं वाजंत्र्यांचं. आबांची सनई परभणीपासून सेलूपर्यंत माहीत होती. सनई कधी एकटी वाजत नाही. एक जण वाजवतो आणि दुसरा त्याच्या शेजारी बसून एकच सूर धरतो, गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, न तोडता. हा सूर धरणारा बहुतेक मुलगा असतो. मी दहा वर्षं आबांचा सूर धरला. मग मी कीबोर्डला लागलो आणि आबांच्या शेजारची जागा रिकामी झाली.  ते माझ्या कीबोर्डला डबडं म्हणायचे, तेवढंच. लग्नाची कामं ऑर्केस्ट्राकडं वळली तसे आबा सुगीनंतर सेलूला जिनिंगवर जायला लागले आणि कापसाचा भुगा त्यांच्या छातीत बसला.

सेलूच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आमची पार्टी मंडपात, बरोबर कीबोर्ड सांभाळायला सर, आणि वधूपक्षानं शकुनाला म्हणून आबांनाही बोलावलेलं. ते मंडपाच्या बाहेर कनातीजवळ एकटेच बसले होते. सूर धरायला कोणी नव्हतं. मी स्टेजवर होतो, त्यामुळं मला तिकडं बघायचं नव्हतं. मंगलाष्टकं सुरू झाली. मालकांनी सांगितलं होतं की खालून हळूच एक सूर लावून ठेव. मी लावला. तेवढ्यात कोणा पाहुण्यानं खुर्ची सरकवली आणि तिचा पाय आमच्या वायरीवर आला. नेमकं त्याच वेळी मी पट्टी सोडली. दाबल्याचा निरोप गेला होता, सोडल्याचा पोचलाच नाही. दुसरा कीबोर्ड तो चिरका सूर धरून बसला. मी दोन्ही हात वर केले तरी तो वाजतोय. भटजी माझ्याकडं बघायला लागले, मालक डोळे वटारायला लागले. बटण बंद करायला स्टेज ओलांडून पलीकडं जावं लागणार होतं आणि मधे सगळं वऱ्हाड अक्षता घेऊन उभं.

आणि बाहेरून आबांची सनई सुरू झाली. तो अडकलेला सूर त्यांनी आपला सूर म्हणून घेतला आणि त्यावर वाजवायला लागले. मंगलाष्टकाच्या चालीला धरून, भटजींच्या खालून, कुठंही पुढं पुढं न करता. चार मिनिटं ते चाललं. लोकांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. व्यापारी तर नंतर मालकांना म्हणाला की पैसा वसूल झाला. टाळ्या वाजल्या तेव्हा सरांनी जाऊन प्लग ओढला.

मी आबांकडं गेलो. वाटलं होतं रागावतील. ते सनईची पत्ती पुसत होते. म्हणाले, "तुझ्या डबड्यानं सूर धरला बरं का. पर त्येला ऐकू येत न्हाई."

सर माझ्या मागंच उभे होते. त्यांनी विचारलं, "ऐकू येत नाही म्हणजे?"

आबांनी सांगितलं, "मी वर चढलो की सूर धरणारा वाईच दबून ऱ्हातो. माजा दम संपला की त्यो भरून काढतो. त्यो मला ऐकतो, मी त्याला ऐकतो. ह्यो आपला उभाच."

सरांनी खिशातून पेन्सिल काढली. त्यांच्या सतरा दोषांच्या यादीत हा अठरावा दोष त्यांनी पहिल्या नंबरावर लिहिला: वायर फक्त सांगते, ऐकत नाही. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. मिडीच्या जागी आपण नवी पद्धत काढायची. तिच्यात पायऱ्या नसतील, श्वास असेल, आणि प्रत्येक निरोपाला परतीचा निरोप असेल. नावही ठरवून टाकलं, उलट टपाल. आणि पहिलं वाद्य कुठलं? आबांची सनई.

तेव्हापासून दर रविवारी सर परभणीहून सायकलवर पेडगावला यायचे, मागं कॅरियरला खोकं बांधून. ऊन असो, पाऊस असो. आबांच्या सनईच्या भोकांभोवती त्यांनी तांब्याची पातळ पट्टी चिकटवली. बोट पडलं की समोरच्या पाटीवर दिवा लागायचा. श्वास मोजायला दवाखान्यातली सलाईनची नळी आणून तिच्यात पाणी भरलं. आबांनी फुंकलं की पाणी वर चढायचं. आबा तोंडाच्या एका कोपऱ्यात सनई आणि दुसऱ्यात नळी धरून बसायचे. थुंकीनं पट्ट्या ओल्या झाल्या की सगळे दिवे एकदम लागायचे आणि सर म्हणायचे, पुन्हा. माझी आई चहा ठेवून कंटाळायची. ते सगळं सर पेन्सिलनं टिपायचे आणि टिपायचे कशात, तर आयटीआयच्या जुन्या हजेरीपटात. त्यात बारीक रकाने आयते आखलेले असतात. जिथं विद्यार्थ्यांची नावं लिहायची तिथं सरांनी लिहिलं होतं: उजवी तर्जनी, उजवं मधलं बोट, ओठ, श्वास. प्रत्येकाच्या ओळीत रेघ वरखाली जायची. एका रविवारी एकच ओळ. तीच चाल, पण आज फक्त ओठ. पुढच्या रविवारी फक्त श्वास. दोन वर्षं हे चाललं.

मी पार्टीबरोबर फिरतीवर असायचो. कधीमधी रविवारी घरी यायचो ते दोन तासांसाठी, संध्याकाळची एसटी धरायची असायची. आबा वाजवत बसलेले असायचे. दोन शब्द बोलून निघावं म्हणून मी दारात उभा राहून घड्याळ दाखवायचो, आटपा म्हणायचो. मला बघितलं की त्यांची चाल आणखी लांबायची. मुद्दाम करतात असं वाटून मी वैतागायचो. दोन वेळा माझी गाडी चुकली.

सरांच्या उलट टपालाचे दोन खोके तयार झाले तेव्हा त्यांनी ते आमच्या तालमीत आणून जोडले. मिडीची वायर काढून टाकली, जाडजूड सात तारांची केबल लावली. मी पट्टी दाबली. काहीच वाजलं नाही. पहिला खोका 'सा' पाठवून उत्तराची वाट बघत होता. दुसऱ्यानं 'पोचला' असं कळवलं, पण ते कळवणं पोचलं का ह्याची तोही वाट बघत होता. सरांनी दोन्ही बाजूंना पोच मागितली होती. आमचा ढोलकवाला काही वेळ पाहात राहिला आणि म्हणाला, "सर, ये दोनो बैठे सो बैठेच हैं." सगळे हसले. सरांना राग आला नाही. पुढच्या रविवारी ते आबांकडून उत्तर घेऊन आले. वाट बघायची, पण वाट बघताना वाजवायचं थांबवायचं नाही, आबा तसंच करतात, असं त्यांनी आम्हाला सांगितलं, वदवून घेतलं आणि दोन्ही खोके पुन्हा उघडून बसले.

इकडं आबांचा दम कमी व्हायला लागला होता. एका चालीत तीनदा थांबायचे. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं की हे आता फार दिवस वाजवणार नाहीत. मी पार्टीतला टेपरेकॉर्डर आणला, कोरी कॅसेट घातली आणि सरांना म्हणालो की एकदा टेप करून ठेवू, मग तुमचं चालू द्या.

सरांनी विचारलं, "टेपवर काय येईल?"

"आबांची सनई येईल."

"सनईचा आवाज येईल. उद्या तुम्ही त्या टेपसमोर बसून सूर धरला तर टेप तुमचं ऐकणार आहे का? माझं पूर्ण झालं की तुम्ही सूर धराल आणि आबा तुम्हाला ऐकून वाजवतील. ते नसले तरी."

मी सूर धरायचं कधीच सोडलं होतं, हे त्यांना कोणी सांगायचं? मी आबांकडं बघितलं. वाटलं, हे तरी माझ्या बाजूनं बोलतील. आबा म्हणाले, "सर म्हणत्यात तसं करू. टेप कुठं पळून जायलीय." मी कॅसेट पिशवीत टाकली. खरं तर त्याच वेळी बटण दाबायला हवं होतं. कोण काय करणार होतं? पण सरांपुढं बोलायची सवय नव्हती. शिवाय आबा सरांच्या त्या नळीसमोर जितक्या मानानं बसायचे तितक्या मानानं मी त्यांना कुठल्याच मंडपात बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्या एकेका बोटाची कोणी ओळ लिहून ठेवतंय, ह्याचं त्यांना कौतुक होतं. आज वाटतं ते सगळं खरं असलं तरी त्याचा उपयोग नाही. बटण दाबायला हवं होतं.

शेवटी हिय्या करून ठरवलं. आईकडून आबांना निरोप पाठवला की ह्या रविवारी मी येतो, टेप करतो, सरांचं मी बघून घेतो. त्या शनिवारी आमचा कार्यक्रम नांदेडकडं होता. टेपरेकॉर्डर माझ्याबरोबर होता. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या निर्णयाच्या आधीचे दिवस होते ते. शनिवारपासूनच बंद लागला, एसटी जागेवरून हलेना, रस्त्यावर टायर पेटवलेले. सगळा रविवार मी स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसून होतो. सर मात्र सायकलवर पोचले. त्यांना कुठला बंद आणि कुठलं काय. आबांनी त्या दिवशी सगळी चाल एकदाही न थांबता वाजवली, असं आईनं मला सांगितलं. मी सोमवारी घरी पोचलो तेव्हा त्यांना बोलतानाही धाप लागत होती. त्याच आठवड्यात आबा गेले.

सर दहाव्याला आले. हजेरीपट काखेत. लोक बसलेले असताना माझ्याजवळ येऊन म्हणाले की पूर्ण झालं. माझ्या डोक्यात सणकच गेली. मी विचारलं, "सर, हे कागद वाजत्यात का?"

"अजून नाही," सर म्हणाले.

मग मी जे बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. तुमच्या टपालापायी माझा बाप मुका गेला, असं काहीतरी म्हणालो. एक कॅसेट, तीस मिनिटांची एक कॅसेट भरली असती तर तुमचं काय जात होतं, असं विचारलं. आणि शेवटी म्हणालो, आता परत येऊ नका. सर उभे राहिले. त्यांनी माझं वाक्य हळू आवाजात परत म्हणून दाखवलं, "परत येऊ नका." ते बरोबर आहे का म्हणून माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवलं. त्यांनी चप्पल घातली आणि सायकल काढली.

पुढं ते निवृत्त होऊन कुठं तरी निघून गेले. एक दिवस पोस्टानं पार्सल आलं, त्यात तो हजेरीपट होता आणि एक जवाबी कार्ड. कार्डावर लिहिलं होतं: "हजेरीपट पाठवत आहे. पोचल्याचे कळवावे." मी कळवलं नाही. कळवायचं कशाला? पार्सल तसंच माळ्यावर टाकलं. चीड एवढी होती की आईनं एकदा ते खाली काढलं तर मी जेवणावरून उठलो.

कितीतरी वर्षांनी पेडगावचं घर उतरवायची वेळ आली तेव्हा तो हजेरीपट हातात आला. रद्दीत घालायच्या आधी चाळून बघितला. बोटांच्या ओळी, ओठांची ओळ, श्वासाची रेघ. मला त्यातलं थोडं कळत होतं. सरांनी शिकवलेलं होतं ना. रेघेवर बोट ठेवून मी चाल गुणगुणून बघितली आणि ती बसली. श्वास कुठं घेतला, कुठं चोरला, सगळं होतं. मग माझं लक्ष सगळ्यांत खालच्या ओळीकडं गेलं. नावाच्या जागी लिहिलं होतं: ऐकणारा. हजेरीपटातल्यासारख्याच खुणा होत्या. बहुतेक ठिकाणी 'गै'. गैरहजर. मधेच कुठं तरी 'ह', आणि त्याखाली बारीक अक्षरात: "मुलगा दारात. सूर चार रकाने लांब." पानं उलटत गेलो. जिथं जिथं 'ह' तिथं तिथं वरची श्वासाची रेघ लांबलेली. चार रकाने, पाच रकाने. दम नव्हता तेव्हाही.

म्हणजे मुद्दामच करत होते. मी दारात घड्याळ दाखवत उभा असताना आबा मला वाजवून दाखवत होते.

शेवटचं पान त्या रविवारचं होतं. खालच्या ओळीत 'गै', 'गै', 'गै', शेवटपर्यंत. पण मधे एका जागी श्वासाची रेघ सरळ निघाली होती ती नऊ रकाने गेली होती. इतकी लांब रेघ आख्ख्या हजेरीपटात दुसरी नव्हती. तिच्याखाली सरांनी लिहिलं होतं: "दारात कोणी नाही. तरी लांबवले. दाराकडे पाहिले. वाट पाहत पुढे वाजवले."

मी त्या उतरवलेल्या घरात वाशांच्या ढिगावर बसून रडलो. सरांवरचा राग त्यामुळं गेला असं म्हणणार नाही. कॅसेट असायलाच हवी होती, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. पण कॅसेटवर ते नऊ रकाने मला नुसते ऐकू आले असते. ते कशासाठी होते, हे कॅसेटनं सांगितलं नसतं.

हजेरीपटाच्या मागच्या पानात ते कोरं कार्ड तसंच होतं. पोस्टाचे दर वाढले होते, म्हणून वर जास्तीचं तिकीट चिकटवलं आणि लिहिलं, "सर, पोचलं." ह्यापेक्षा जास्त काही सुचलं नाही. पत्ता जुना होता, सर असतील की नसतील हेही माहीत नव्हतं. पेटीत टाकलं आणि वाटलं, सुटलो.

आठ दिवसांत उत्तर आलं. पेन्सिलनं लिहिलेलं, अक्षर थरथरणारं.

"आपले कार्ड मिळाले. फक्त 'पोचलं' असे लिहिले आहे. काय पोचले? मी काय म्हणालो ते लिहिल्याशिवाय मला कसे कळावे? पुन्हा लिहावे."

सोबत नवं जवाबी कार्ड. मी हात जोडले ह्या माणसापुढं. एवढ्या वर्षांनी, एवढं झाल्यावरही! आधी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. मग कार्ड पुढ्यात घेऊन बसलो. नऊ रकान्यांचं लिहायला घेतलं, तर ते कळायला दारात उभं राहणं सांगावं लागलं, आणि ते सांगायला सेलूचा तो अडकलेला सूर, सलाईनची नळी, न दाबलेलं बटण. चार ओळींतच कार्ड भरलं. एवढं सगळं त्यावर मावेना, म्हणून हे.